सात सेकंदांच्या पुढचं

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसातल्या एकाला प्रोग्रॅमवरून झापत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा त्यालाच झापायला लागलो... काय बोलतोय ते माझं मलाच कळत नव्हतं. त्या फोनला आता दीड महिना झाला. ज्याच्यामुळे माझे दोन्ही हात शाबूत राहिले, त्याच्याबद्दल आज खरं लिहितो.

नव्वदीच्या दशकात बीडमध्ये आम्ही भागीदारीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. प्रोग्रॅम मी लिहायचो, माणसं तो सांभाळायचा. नेकनूरकडच्या एका शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, निकाल कॉम्प्युटरवर लावायचं काम त्यानंच आणलं. बैलजोडी सुटताना एक दोरा तुटायचा, पोचताना दुसरा, आणि घड्याळाच्या पेटीवर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत वेळ उमटायची. ती केबलमधून उचलून यादीत टाकायची, एवढंच माझं काम. मी ती ज्या रकान्यात टाकली तो एसटीच्या वेळापत्रकासाठी पूर्वी केलेला होता. त्यात तास, मिनिटं, सेकंद मावायचे, पुढचं गळून पडायचं. एसटी अर्धा तास उशिरा आली तरी कोण विचारतो? चाचणीत सेकंद जुळले आणि मी खूश झालो.

फायनलला एक जोडी ७.८४ मध्ये आली, मागून सुटलेली ७.३१ मध्ये. यादीत दोन्ही जोड्यांपुढे नुसते सात. बरोबरी झाली तर आधी पळालेली जोडी वर, हा शहाणपणाही माझाच. भानुदासनं माइकवरून तीच पहिली आल्याचं जाहीर केलं. पण दुसऱ्या जोडीच्या मालकानं पेटीवरचा आकडा स्वतः पाहिला होता.

त्याची माणसं मंचावर चढली. भानुदासला केसांना धरून खाली ओढलं, तोंडावर लाथा घातल्या. ओठ फाटला, दात मातीत पडले. मॉनिटर उचलून त्याच्या पाठीत आपटला.

"डोळे फुटले का बे तुजे? हे कुनी केलंय?"

मी तीन पावलांवर केबल धरून उभा होतो. भानुदासनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी केलंय," तो म्हणाला.

त्याचा उजवा हात छकड्याच्या चाकावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या घावाला हाड कातडीबाहेर आलं. मी गप्प राहिलो. भेकड होतो, दुसरा शब्द नाही. वर्षभरात पुणं गाठलं. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. भानुदास डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकला. फोनवर आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींना सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी एकदा येऊन सोताच्या तोंडानं म्हनताल, म्हनून लई वाट बगितली त्यांनी."

मग त्यांनी क्लासातलं लोखंडी कपाट उघडलं. दाराला आतून निकालाची छापील यादी चिकटवलेली होती, कागद पिवळा पडलेला. वर ७.३१, खाली ७.८४. ज्याला प्रोग्रॅमची एक ओळ येत नव्हती त्या माणसानं डाव्या हातानं, एकेक बटण शोधत, माझी चूक दुरुस्त करून ठेवली होती.