बाजारात गेलेला बैल

समजा, तुमच्यासमोर अंगणवाडीतली लेकरं चटईवर बसली आहेत. तुमच्या मोबाइलवर दोन कार्टून दिसताहेत. दोन्हींत गोल डोळ्यांचा बैल, दोन्हींत धानाची हिरवी बांधी. एक लेकरांचं, एक मोठ्यांचं. आता कोणतं लावाल?

अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात पुष्पांजलीबाई अंगणवाडी चालवतात. गेल्या तान्ह्या पोळ्याला त्यांनी मोठ्यांचं लावलं. लेकरं लाकडी बैल सजवून आली होती, म्हणून बैलाचंच काही दाखवावं, एवढाच विचार. चित्रांचं आहे म्हणजे लेकरांचंच, असं त्या धरून चालल्या. मध्येच मालकाने बैल बाजारात नेला. बैल ट्रकमध्ये चढेना. बाईंनी घाईने मोबाइल बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून त्या लेकरांतली आचल यायची बंद झाली. बाई तिच्या घरी गेल्या, तर आजी देवकाबाईंनी बसा म्हटलं नाही. बाप विकून टाकेल म्हणून पोरीने लाकडी बैल धानाच्या कोठीत लपवला होता.

"लेकरायले असं कायले दाखवता, मॅडम?" आजी म्हणाल्या.

दाराआडून आचलने विचारलं, "तो घरी आला का?"

बाईंना ठाऊक नव्हतं. घरी जाऊन त्यांनी शेवट पाहिला. रिकामा गोठा आणि खुंट्याला नुसतं दावं.

तेव्हापासून त्या प्रत्येक कार्टून शेवटाकडून पाहतात. हसऱ्या सशावरही त्यांचा भरवसा नाही. मी नागपुरात ॲनिमेशन शिकलो, म्हणून माझीही उलटतपासणी झाली. मी सांगितलं, लेकरांच्या कार्टूनमध्ये पडलेला लगेच उठतो. मोठ्यांच्या कार्टूनमध्ये पडलेल्याला लागतं, आणि ते लागलेलं पुढेही दिसत राहतं.

"मग वरून सारखेच काऊन काढता?" बाईंनी विचारलं.

त्यांच्या सांगण्यावरून मी नवा शेवट काढला. बैल तलावाच्या पाळीवरून धावत घरी येतो. बाईंनी तो पुन्हा पुन्हा निरखला, कुठे काही लपलं तर नाही ना म्हणून. मग आम्ही तो आचलला दाखवला. तिने मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरला.

"हा तो नाही," ती म्हणाली. "त्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा होता."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजीसोबत घरच्या बैलाची खांद शेकताना, हळद-लोणी चोळताना, तिच्या हाताला तसाच घट्टा लागलेला. लेकरांसाठी काढायचं म्हणून मी खांदा गुळगुळीत ठेवला होता.

आचल आता येते. पण बाईंनी मोबाइल काढला की लाकडी बैल पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करते. परवा बाईंनी मला रस्त्यात थांबवलं. नजर तशीच, पारखणारी.

"बाबू, तुझा शेवट तिनं मानला नाही, आणि खरा माझ्या तोंडून निघून नाही राहिला. तो सांगायचं वय कोणतं, हे तुले कोणी शिकवलं का?"