सावलीवाले साहेब

वैशाखात दुपारी बारा वाजले की अकोल्यातलं कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. दारांना वाळ्याच्या ताट्या लागतात आणि अख्खी जठारपेठ डोळे मिटून पडते. अशा वेळी आमच्या बायकांच्या दवाखान्याच्या उघड्या आवारात एक माणूस छत्री घेऊन, दगडावर बसलेला दिसला. मी तिथली मेट्रन. वाटलं, ऊन लागलेला कुणी पेशंटचा नवरा असेल. खिडकीतून ओरडले, "अहो, मरायचंय का?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, बंगल्याची जागा सकाळी पाहावी, अन् सावलीची जागा दुपारी. मी काम करून राहिलो."

हे आमचे सावलीवाले साहेब. नाव निराळं होतं, पण दवाखान्यात सगळे त्यांना असंच म्हणत. मुंबईला जाऊन बागा आणि आवारं आखण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले, नगरपालिकेचा परवाना असलेले आमच्या भागातले ते एकटेच. दवाखान्याचे अध्यक्ष दादासाहेब नागपूरचे बगीचे पाहून आलेले. त्यांना हवं होतं लॉन आणि मधोमध कारंजं. नळाच्या आणि नाल्यांच्या नकाशावर परवानेवाल्याची सही लागे, म्हणून त्यांनी अमरावतीहून साहेबांना बोलावून घेतलं. एवढं शिकूनही माणूस बोलायचा अस्सल वऱ्हाडी. पुण्याहून आलेल्या आमच्या डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा वाटलं, हे भांडतायत!

लॉनचा निकाल त्यांनी चहावर लावला. दादासाहेब आले तेव्हा साहेब मला म्हणाले, "बाई, आज चहा आवारातल्या विहिरीच्या पाण्याचा टाका." विहीर खारी. दूध ओतलं तसं फाटलं. कपात तरंगणाऱ्या चोथ्याकडे बोट दाखवून साहेब म्हणाले, "दादासाहेब, हे पाणी तुमच्यानं पिववत नाही, अन् हरळीले पाजता?" दादासाहेब हसले, पण कप खाली ठेवला. लॉन गेलं ते गेलंच. कारंज्याचं नाव मात्र ते अधूनमधून काढत राहिले.

साहेब कागद लवकर उघडत नसत. आधी माणसं बघत. खेड्यापाड्यांतून बैलगाडीनं बाळंतीण आणायची, ती आत गेली की घरच्यांनी बाहेर उन्हात बसायचं, तीन दगडांची चूल मांडायची, असं आमचं आवार. साहेब त्या चुलींपाशी जाऊन बसायचे, कुणाच्या तरी भाकरीचा तुकडा मोडायचे. एकदा मला बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं केलं आणि स्वतः लांब जात राहिले. "आता हाक मारा! आता मारा!" सगळ्या नर्सा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी चिडून विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाले, "मुलगी झाली का मुलगा, हे सासूले झाडाखाली ऐकू आलं पायजे. नाही तं ती काहून झाडाखाली बसन? दारातच बसन, उन्हात." माझी हाक जिथवर पोचली तिथवरच त्यांनी निंब आणि करंजाचे खड्डे आखले. पावसाळ्यात काळ्या मातीत चपला रुतत, म्हणून लोकांनी पाडलेल्या वाटांवरच मुरूम टाकला. नवी वाट एकही काढली नाही.

खरी ठिणगी पडली ती पाण्यावरून. नगरपालिकेचं गोड पाणी आवारात येणार होतं. तोवर रीत अशी, की आमचा शिपाई घागरीतून पाणी वाढायचा. काहींच्या भांड्यात नीट ओतायचा, आणि गावात ज्यांना विहिरीवर चढू देत नसत त्यांच्या हातावर लांबून, वरून. ते लोक कुंपणापाशी वाट बघत बसत. मला ते खुपायचं, पण पाणी मिळतंय ना, असं म्हणून दवाखाना चालला होता. साहेबांच्या नकाशात आवाराच्या मधोमध, कारंज्याच्याच जागी, एक गोल ओटा होता आणि त्याला चहूबाजूंनी तोट्या.

"आणखी एक नळ मागं गाड्यांपाशी द्या," दादासाहेब म्हणाले. "लोकांनाच बरं पडतं. उगाच कटकट नको."

साहेबांनी मान हलवली. "माह्या नकाशात पाणी एकच राहीन."

दादासाहेबांचा आवाज चढला. "तुम्ही छप्पन साली दीक्षा घेतलीत, ते आम्हाला ठाऊक आहे. पण दवाखान्यात तुमच्या लोकांचं राजकारण आणू नका."

वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. साहेब उठले नाहीत. म्हणाले, "ज्याले तहान लागली तो माहा माणूस. दुसरा नळ पायजे असन तं सही दुसऱ्याची घ्या. मी चाललो तरी झाडं जगवा, एवढं करा."

आठवडाभर सगळं थांबलं. मला झोप लागेना. शेवटी मीच दादासाहेबांच्या घरी गेले आणि म्हटलं, दोन नळ झाले तर कामाला माझी माणसं मिळणार नाहीत, मेट्रनही मिळणार नाही. दादासाहेब माणूस वाईट नव्हता, लोकांना भिणारा होता. ओटा झाला एकच.

नळ सुरू झाला त्या दिवशी साहेब पाणी प्याले आणि बाजूला जाऊन बसले. त्यांच्यामागून कुणी पुढं होईना! ऊन असं, की जीभ टाळ्याला चिकटावी, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. मग बाळापूरकडची एक म्हातारी पाटलीण उठली. तिची लेक आत अडली होती. "कोनाचा हात लागला अन् कोनाचा नाही, हे पाहू का पोरीचं पाहू मी?" असं करवादत तिनं तांब्या भरला. मग एकेक जण उठला. पुढं बरीच वर्षं काही लोक गाडीला आपला माठ बांधून आणायचे, नाही असं नाही. पण वरून पाणी घालणं आमच्याकडे संपलं.

साहेबांना पुढं सरकारी काम मिळालं, ते भोपाळकडे निघाले. जायच्या आधी एकदा आले, ती आमची शेवटची भेट. बरोबर रिद्धपूरजवळच्या खेड्यातून आणलेली त्यांची आई. वाळकी, काटक, डोक्यावर लुगड्याचा पदर. "बाई, ही माही माय. म्हटलं, पोरगं काय करून राहिलं ते पाहू दे तिले." करंजाची झाडं तोवर डोक्याइतकी उंच झाली होती. म्हातारी प्रत्येक झाडाला हात लावत चालली होती आणि साहेब शाळकरी पोरासारखे भराभर सांगत होते.

ओट्यापाशी आल्यावर ती थांबली. तहान लागली होती. ती ओट्यापासून चार हात लांब, मातीत उकिडवी बसली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि माझ्याकडे वर बघत राहिली. पांढऱ्या कपड्यातली बाई पाणी घालेल म्हणून.

साहेबांचा चेहरा बघवेना. ते तिच्याजवळ मातीतच बसले. "माय, असं नाही. उठ. तोटी तूच फिरव."

"कोनी बोललं तं?"

"कोनी नाही बोलत, माय."

ती उठली. तोटी जरा जास्तच फिरली, लुगडं भिजलं. ती पोटभर प्याली, तोंड धुतलं, मान धुतली. मग ओट्यावरून हात फिरवत लेकाला विचारलं, "हे तुवा बांधलं?" साहेबांनी मान हलवली आणि वाहती तोटी घट्ट बंद केली.

म्हातारीनं ओट्यावरचा तांब्या विसळला, काठोकाठ भरला आणि माझ्याकडे वळली. "बाई, कवाच्या उन्हात उभ्या आहा. घ्या, पानी प्या."

मी खाली वाकले आणि तिच्यापुढं ओंजळ धरली.