कोंबड्यांसाठी कालवलेलं पीठ

कासिमअली मेंढपाळ होता, हाडाचा मेंढपाळ. उभा जन्म डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत गेलेला. नुसत्या खोकल्यावरून कुठली मेंढी आजारी आहे ते सांगायचा, घोड्यावर बसल्या बसल्या वाकून कोकरू उचलायचा. अशा माणसाला कोंबड्यांचं काय कौतुक असणार? "कोंबडी हे काय जनावर आहे? ना हाकता येतं, ना त्याच्यावर बसता येतं!" असं तो बायकोला आयुष्यभर ऐकवत आला, आणि तिने समोर ठेवलेली अंडी मात्र मुकाट्याने खात आला.

बायकोचं नाव बुरुल. तिला ना घोड्याचं वेड ना मेंढरांचं. अंगणातल्या सात कोंबड्या हे तिचं राज्य, आणि त्यांतली काळी ही तिची पट्टराणी.

यंदा बटाटे काढून झाले आणि बुरुलच्या खुब्याने दगा दिला. पाऊल टाकता येईना. लेक मीरगुल राजधानीहून, बिश्केकहून, गाडी घेऊन आली आणि ऑपरेशनसाठी आईला घेऊन गेली. निघताना बुरुलने काच खाली केली.

"म्हाताऱ्या, मी आले की मला सातच्या सात दिसल्या पाहिजेत हं."

"तुझ्या खुब्याचं बघ आधी. कोंबड्यांचं काय घेऊन बसलीस!"

ऑपरेशन चांगलं झालं. बुरुल काठी धरून चालायलाही लागली. आणि मग एक दिवस मीरगुलचा फोन आला. "बाबा, हिवाळाभर आईला इथंच राहू दे. इथं नळाला गरम पाणी आहे. तिकडे बर्फात ती पाय घसरून पडली म्हणजे? पण हिचा सगळा जीव त्या कोंबड्यांत. उठता बसता तेच. तुम्ही एकेक कापून टाका ना, म्हणजे ही इथं रमेल तरी."

कासिमअलीने "बघू" म्हणून फोन ठेवला आणि तो चुलीपाशी बसून राहिला. बुरुल नसल्यापासून घर त्याला खायला उठायचं. चहा तो दोन पेल्यांत ओतायचा आणि मग एक परत किटलीत रिकामा करायचा. हिवाळा आला, सरला, मग शहराची सवय झाली, मग पुढचाही हिवाळा... हे त्याला दिसत होतं. बुरुलला या घराकडे ओढणारी दोरी एकच होती, आणि ती होती त्या सात कोंबड्या. ज्यांना जन्मभर हिणवलं त्यांच्यावरच भिस्त ठेवायची वेळ आली होती.

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ खुराड्यात डोकावू लागला. आणि नेमक्या तेव्हाच कोंबड्या खंगायला लागल्या. तुरे फिके पडले, पिसं विस्कटली. खाणं तर चालू होतं, पण हातात घेतली की छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागायचं. एकदा विष्ठेत त्याला पांढरे, शेवयांसारखे जंत दिसले.

जंत दिसल्यावर त्याचा जीव उलट भांड्यात पडला. जंत! हे तर आपलंच काम. आजवर हजारो मेंढ्यांना त्याने जंताचं औषध पाजलं होतं. तो गुरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरने कोंबड्यांचं औषध दिलं, मात्रा सांगितली आणि "हे असं द्यायचं, की..." म्हणून तोंड उघडलं, तोवर कासिमअली दाराबाहेर पडलाही होता. मेंढपाळाला औषध पाजायला शिकवतात म्हणजे काय!

घरी येऊन त्याने पहिल्यांदा काळीलाच धरलं. ती बुरुलची लाडकी, म्हणून मान तिचा. तिला गुडघ्यांत दाबलं, मान वर केली, चोच उघडली आणि मेंढीला पाजतात तसं औषध घशात ओतलं. मेंढी असती तर गटकन गिळून मोकळी झाली असती. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासाची वाट उघडते, हे त्याला कुठलं माहीत? काळीने घरघर केली, दोनदा पंख फडफडवले आणि ती त्याच्या मांडीवर ढिली पडली.

तो तिला कुरवाळत तसाच बसून राहिला. जशी काही ती झोपेतून उठणार होती.

शेजारची सायकाल आपा भिंतीवरून बघत होती. वय ऐंशीच्या घरातलं, जीभ विशीतली. "काय रे कासिमअली, मेंढी केलीस की काय तिची?"

"जंताचं औषध पाजत होतो, आपा."

"अरे, घोड्यावरून खाली उतर आता! कोंबडीला पाजतात होय? रात्री उपाशी ठेवायच्या. सकाळी पीठ नि कोंडा दह्यात कालवायचा, त्यात औषध मळायचं आणि पुढं ठेवायचं. आपापल्या खातात बिचाऱ्या. खुराड्यातलं सगळं काढून टाक, राख पसर, कोरडा पेंढा घाल. नाहीतर पोटातले मरतील आणि जमिनीवरचे परत पोटात जातील. आणि डॉक्टर सांगेल तोवर अंडी खायची नाहीत."

"पीठ कोण कालवणार?"

"मी नाही बाई. माझे हात दुखतात." आणि ती आत निघून गेली.

आमच्याकडचे पुरुष शंभर माणसांचं मटण एकहाती शिजवतील, पण पिठाला हात लावतील तर शपथ. कासिमअलीने आधी दाराला कडी घातली, मग बाह्या वर केल्या. पहिल्या दिवशी पीठ कोपरापर्यंत गेलं, पण कोंबड्यांनी भांडं चाटून पुसून लख्ख केलं. त्याने खुराडं खरवडून काढलं. डॉक्टरकडे परत जाऊन, या वेळी शेवटपर्यंत उभं राहून, दुसरा डोस कधी द्यायचा आणि अंडी कधी खायची ते विचारलं. टाकायची अंडी तो अंगणाच्या टोकाला पुरायचा आणि अन्न मातीत घालावं लागतं म्हणून दर वेळी माफी मागायचा.

फोनवर बुरुल विचारायची, "काळी कशी आहे?"

"आहे," तो म्हणायचा.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? दुसरा डोस झाला, सहाही टवटवीत दिसायला लागल्या आणि त्याला आणखी खोटं बोलवेना.

"काळी मेली गं. मीच मारली. मेंढीसारखं औषध पाजायला गेलो."

पलीकडून फोन बंद झाला. कासिमअली फोन हातात धरून बसला. दोरी आपणच कापली, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात दारात गाडी थांबली. आधी काठी उतरली, मग बुरुल. मागून मीरगुल, तोंड फुगवून.

"बाबा, हिला समजवा! म्हणते, एक मारली, मी नाही गेले तर तो माणूस उरलेल्या सहाही मारील."

बुरुल काठी टेकत थेट खुराड्यापाशी गेली. एक कोंबडी उचलली, छातीवरून हात फिरवला, लालभडक तुरा निरखला. मग लेकीकडे वळून कपाळावर हात मारला. "बघितलंस? काय दशा केलीय यांची! आता मी तुझ्याबरोबर कशी येऊ सांग?"

शहरातल्या मीरगुलला कोंबडीतलं काय कळतंय? चहा-नान खाऊन, आईला शंभर सूचना देऊन ती परत गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर कासिमअली पडल्या चेहऱ्याने म्हणाला, "काय वाईट आहे गं त्यांना? चांगल्या तर दिसतात."

"चांगल्या? आजवर इतक्या गुबगुबीत कधी नव्हत्या."

"मग तिला तसं..."

"आणि छान आहेत म्हटलं असतं तर तिने मला परत गाडीत घातलं असतं, वेड्या!"

संध्याकाळी त्याने कोंडा-पीठ कालवायला घेतलं. बुरुल ओट्यावर बसून बघत होती. आयुष्यात या माणसाने तिच्यासाठी कधी पिठाला हात लावला नव्हता. सहाही कोंबड्या तिच्या पायांवरून धावत त्याच्याकडे गेल्या.

"पाणी जास्त झालंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "काळीचं मनाला लावून घेऊ नकोस. ती गेली नसती तर मी कुठलं निमित्त सांगून आले असते?"

त्याने भांड्यात आणखी मूठभर कोंडा टाकला.