दाराआडचं लॉगबुक

पप्पायले कोरोना झाला तेव्हा पहिले तीन दिवस घरात सगळ्यात खुश मी होती. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. म्हणजे पप्पा आजारी म्हणून खुश नाही, एवढी बी वाईट नाही मी. मले काम मिळालं म्हणून खुश. कॉलेज बंद, क्लास मोबाईलवर, दिवसभर कंटाळा, अन् अचानक घरातच एक पेशंट. तो बी हलका. थोडा ताप, थोडा खोकला, अन् वास-चव गेलेली. डॉक्टर म्हणे घरीच वेगळ्या खोलीत ठेवा, गोळ्या द्या, ऑक्सीजन तपासत राहा अन् मनानं खुश ठेवा. गोळ्या-ऑक्सीजनचं मम्मीनं ऐकलं. ‘मनानं खुश ठेवा’ हे मी ऐकलं.

कोहका वस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीले लागून बाथरूम आहे, म्हणून पप्पाची बदली तिथं झाली. दाराबाहेर प्लास्टिकचा स्टूल. मम्मी त्यावर ताट ठेवे, दार वाजवे अन् पळे. मग दार थोडंसं उघडे, एक हात बाहेर येये, ताट आत जाये. आपल्याच नवऱ्याले पाहून असं पळताना मी तिले आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मी मोबाईलवर मनाच्या आरोग्याचं जे दिसलं ते सगळं वाचून काढलं अन् एक-एक करून पप्पावर सोडलं. पहिले समुद्राच्या लाटांचा दोन तासांचा आवाज पाठवला, मन शांत व्हायले. दहा मिनिटांत पप्पाचा फोन, मम्मीले विचारून राहिले की नळ चालू राहिला का कुठं. मग रंग भरायले फुलांची नक्षी अन् स्केचपेन दिले. कागद परत आला तं नक्षी कोरी, अन् मागच्या बाजूले पट्टीनं आखलेलं मोटरचं कनेक्शन, तीन रंगांत. मग मी म्हटलं की ज्यायच्यामुळं बरं वाटते अशा पाच गोष्टी लिहा. त्यायनं लिहिलं: पंखा, कूलर, बल्ब, बल्ब, खिडकी. खोलीत बल्ब खरंच दोन होते, त्यामुळं मी पाचही गोष्टी बरोबर धरल्या.

पाचव्या दिवशी मम्मीचं लक्ष गेलं की पप्पा भाजीले नाव ठेवून नाही राहिले.

हे तुमाले छोटं वाटेल. आमच्या घरी हे छोटं नाही. बावीस वर्षांत मम्मीच्या हातची एकबी भाजी पप्पानं गुपचूप खाल्ली नव्हती. मी म्हटलं, चव गेली न त्यायची, काय नाव ठेवतील. मम्मी म्हणे, चव गेल्यावर बी दोन दिवस ठेवलीच होती, अंदाजानं. मग तिनं परीक्षाच घेतली, वांग्याच्या भाजीत तिखट दुप्पट टाकलं. चव नसली तरी जीभ तं जळते. ताट अर्धं परत आलं. शब्द एकही नाही.

सकाळची वंदना बी बंद झाली होती. पहिले मम्मी समोरच्या खोलीत सुरू करे अन् पप्पा आतून आवाज मिळवे. आता मम्मी एकटीच म्हणे, मधात थांबे, दाराकडं पाहे, अन् पुढं जाये. फोन केला तं ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’. मी दाराशी जाऊन विचारलं, पप्पा, मनात काय चालू आहे? आतून आलं, काही नाही. ताप उतरला होता, ऑक्सीजन बरा होता, अन् माणूस मात्र दिवसेंदिवस कमी होत चालला होता. तेव्हा माही सगळी खुशी उतरली. गल्लीतून ॲम्ब्युलन्स गेली की आम्ही दोघी एकमेकींकडं न पाहता आपापलं काम करत राहू.

मग मले लॉगबुक सुचलं.

पप्पा तीस वर्षांपासून स्टील प्लांटमध्ये. सकाळची ए शिफ्ट, दुपारची बी, रात्रीची सी. शिफ्ट सुटताना जाणारा माणूस लॉगबुकात लिहिते की आठ तासांत काय झालं, येणारा वाचून सही करते अन् चार्ज घेते. अन् एक नियम पप्पानं आमाले लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवला होता की मले पाढ्यांच्या आधी तो पाठ झाला. लॉगबुकात कोणी डिफेक्ट लिहिला, तं पुढच्या शिफ्टनं त्याचं काय केलं ते लिहिल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. मी होमवर्क नाही केला तरी पप्पा म्हणे, डिफेक्ट पेंडिंग आहे तुह्या नावावर.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं अर्धं कोरं रजिस्टर काढलं, रकाने आखले, अन् स्टुलावर ठेवलं. म्हटलं व्हॉट्सॲपवर बी चालते, तं पप्पा म्हणे लॉगबुक कागदावरच असते. चार दिवसांतलं ते त्यायचं सगळ्यात मोठं वाक्य होतं, मी तं नाचलीच. ए शिफ्ट पप्पाची, बी माही. मम्मीले विचारलं तुही कोणती, तं ती म्हणे माही शिफ्ट सुटते कधी ते पहिले सांगा. तिले आम्ही दिवसभराच्या जनरल शिफ्टमध्ये टाकलं. रजिस्टर बाहेर आलं की ती ते अंगणात पापडासारखं वाळत घाले, दोन तास या बाजूनं, दोन तास त्या बाजूनं. मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या दिवशी रजिस्टर असं कडक झालं की पान उलटलं की आवाज येये.

अन् पप्पा लिहू लागले. पेननं, सरळ ओळीत, प्लांटच्या हिंदीत. ‘टेम्परेचर ९८. ऑक्सीजन ९६. कूलर का पानी बदला. पंखा ठीक. सब नॉर्मल. चार्ज दिया.’ खाली सही. दुसऱ्या दिवशी बी सब नॉर्मल. तिसऱ्या दिवशी बी. मी फोटो काढून नातेवाईकायच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यायनं माहं कौतुक केलं, मी प्रत्येकाले उत्तर देऊन राहिली की मनाची काळजी घेणं खूप गरजेचं असते. एकटी मम्मीच खुश नव्हती. ती परत आलेल्या ताटातला भात पाहे.

मग पप्पाच्या शिफ्टमधल्या काकायचा फोन आला, तब्येत विचारायले. मी त्यायले मोठ्या तोऱ्यात लॉगबुक वाचून दाखवलं. काका हसले नाही. म्हणे, बेटा, हे तं मशीनचं लिहिलं त्यानं.

मी म्हटलं, म्हणजे?

“लॉगबुकात माणसाचा रकाना कुठं असते, बेटा? माही कंबर सहा महिने दुखली, मी एक ओळ नाही लिहिली. पंप चालू आहे न, मग सब नॉर्मल. तुह्या बापानं खोली चालवून ठेवली आहे. आतल्या माणसाचं कुठं लिहिलं?”

मी सगळी पानं पुन्हा वाचली. कूलर, पंखा, ऑक्सिमीटरचा सेल, खिडकीची ढिली कडी. पप्पा कुठंच नव्हते. अन् रकाने आखणारी शहाणी कोण होती, तं मी.

त्या दिवशी माह्या शिफ्टमध्ये मी नवा रकाना आखला अन् त्यात डिफेक्ट लिहिला. खरं सांगते, सुरुवात चालाखीनं केली होती. पप्पाले उत्तर द्यावंच लागेल, नियमच आहे, असा हिशोब. पण लिहायला बसली तं हात थांबेच ना. लिहिलं की क्लास चालू असताना मी कॅमेरा बंद करून रडते. दार वाजवल्यावर तुमचा हात यायले उशीर झाला की मी कोपऱ्यातून दाराकडं पाहत उभी राहते. तुम्ही आत काय विचार करून राहिले ते माहीत नाही म्हणून मी स्वतःच काहीबाही विचार करते, अन् ते सगळे वाईटच असतात. खाली लिहिलं: डिफेक्ट पेंडिंग. अन् मम्मीनं वाचायच्या आधी स्टुलावर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ए शिफ्ट संपायची वेळ झाली तरी रजिस्टर बाहेर आलं नाही. पप्पायले शिफ्टले उशीर झालेला मी कधी पाहिला नव्हता. तीन वाजता हात आला, रजिस्टर ठेवून गेला. पहिल्यांदा मराठीत लिहिलं होतं, अर्ध्या वेलांट्या चुकलेल्या. ना टेम्परेचर, ना कूलर.

लिहिलं होतं की तुझा डिफेक्ट पाहिला, मलाबी तोच आहे. रोज अकराच्या सुमाराला तुझी मम्मी किचनमध्ये खोकलते. मी मोजतो. सोमवारी चार वेळा, मंगळवारी सहा, काल नऊ. तिला माझ्यामुळं झालं. कोणाला सांगू. जेवण उतरत नाही.

मी पळतच किचनमध्ये गेली अन् मम्मीले वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायले लावलं. मग हात पुसले, दाराशी जाऊन उभी राहिली, यावेळी पळाली नाही.

“अहो, अकरा वाजता मी फोडणी देते. तो मिरचीचा ठसका आहे.”

आतून चपलांचा आवाज दारापर्यंत आला.

“वास नाही न येत तुमाले, म्हणून नुसता खोकलाच ऐकू आला. अन् काल नऊ वेळा कावून, तं तुमच्यासाठीच रोज थोडं थोडं जास्त तिखट टाकून राहिली, तुम्ही भांडाल म्हणून.”

मग आतून असा आवाज आला की मले कळेना पप्पा हसून राहिले का रडून राहिले. मम्मीले कळलं असावं, कारण ती खाली बसली, दाराले पाठ लावून, अन् बसूनच राहिली. मी गॅस बंद करायले गेली, नाहीतर त्या दिवशी घरच पेटलं असतं.

पानाच्या खाली पप्पानं माह्या डिफेक्टचा उपायबी लिहिला होता: रोज चार वाजता दाराजवळ बसणे, दोन्ही बाजूंनी, बोलणे. आम्ही त्याच दिवशी बसलो, मास्क लावून, बंद दाराच्या दोन बाजूंले. फोनवर तासभर बोलणारी मी, अन् बापाशी काय बोलावं ते माहीत नाही. मग पप्पाच म्हणे, अशी भीती मले एकदाच वाटली होती, भंडाऱ्याकडून आलो तेव्हा. भट्टीसमोर पहिला दिवस होता. दुपारी प्लांटमधून निघून सरळ पावर हाउसच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन बसलो होतो, गावाले परत जायचं म्हणून. दोन गाड्या सोडल्या, तिसरीच्या आधी उठून वापस गेलो.

मी विचारलं, मग कोणाले सांगतलं हे?

“कोणालेच नाही. आज तुले पहिल्यांदा.”

किचनमधून मम्मीचा आवाज आला. “मले माहीत आहे. स्टेशनवर तुमाले गावच्या कोणीतरी पाहिलं होतं, तुमच्या आईनं मले लग्नाच्या आधीच सांगतलं.”

मग दाराआडून, एकदम बारीक आवाजात, “मग इतक्या वर्षांत तू बोलली कावून नाही?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबली होती,” मम्मी म्हणे.