‘सावधान’पर्यंत

काचीगुड्यात दिगंबररावांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं, कारण त्यांनी प्रत्येकाला एकदा तरी रस्त्यात गाठून ध्येयाविषयी ऐकवलं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना ऊतच आला होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या गफूरमियांनाही त्यांनी सोडलं नाही.

"ज़िंदगी में मक़सद होना मियाँ, एकदम साफ मक़सद!"

"होना ना साब," गफूरमियाँ इस्त्री फिरवत म्हणाले, "पैले कपडे गिन लेव."

खुद्द दिगंबररावांकडे ध्येयांची टंचाई कधीच नव्हती. होमिओपॅथी, सतार, संध्याकाळचा कायद्याचा वर्ग, गच्चीवरची भाजी... सगळ्यांचा शुभारंभ त्यांनी नारळ फोडून, फोटो काढून केला होता. शेवट मात्र एकाचाही कुणी पाहिला नव्हता. सतार कपाटावर धूळ खात होती आणि भाजीच्या कुंडीत शेजाऱ्यांचं मांजर झोपत होतं. नारळांची चटणी तेवढी इंदुमतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, न बोलता वाटत आल्या होत्या.

मग मृण्मयीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, आणि जावई तेलुगू. सगळे विधी मुलाकडच्या पद्धतीने होणार होते. मुहूर्ताच्या आधी एक मराठी मंगलाष्टक म्हणायला मात्र व्याह्यांनी आनंदाने परवानगी दिली.

"बाबा, ते तुम्ही म्हणायचं," मृण्मयी म्हणाली. "स्वतः रचलेलं. चारच ओळी. पण पहिल्या शब्दापासून ‘सावधान’पर्यंत. एवढी एकच गोष्ट पूर्ण करा, मला दुसरं काहीच नक्को."

तिचा आवाज थोडा कापला. दिगंबररावांनाही भरून आलं. त्याच भरात त्यांनी नारळ फोडला.

आता ध्येय स्पष्ट होतं, आणि दिगंबरराव कामाला लागले. फ्रिजवर रंगीत तक्ता चिकटला. घशासाठी ज्येष्ठमध आला. स्वर पक्का व्हावा म्हणून पेटी आली. हिमायतनगरात एक गायनमास्तर गाठले गेले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘संकल्प’ जाहीर होऊन त्याला भराभर अंगठे मिळाले. ओळही सुचली, आणि खोटं कशाला बोला, झकास सुचली: ‘आली मंगल वेळ ही गजमुखा, लेकीस आशीष दे’. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून ते ती इतकी घोळवून म्हणत, की खालचा दूधवालाही गुणगुणू लागला.

"पुढची ओळ?" इंदुमतीबाई पोळ्या लाटता लाटता विचारत.

"आधी पाया पक्का हवा. पुढचं आपोआप येतं."

इंदुमतीबाईंनी पुढे विचारणं सोडून दिलं. पोळ्या लाटताना त्यांचे ओठ हलत असत, पण बायकोचे ओठ बघायला दिगंबररावांना फुरसत कुठली? तक्त्यात रंग भरायचे राहिले होते.

तारनाक्याचा हॉल खच्चून भरला. वधूवरांमध्ये अंतरपाट धरला गेला. ‘सावधान’ म्हटलं की अक्षता टाकायच्या, हे तेलुगू पाहुण्यांनाही समजावून झालं होतं, त्यामुळे सगळा हॉल मुठी वर करून तयार उभा होता. दिगंबररावांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. काय म्हटली! व्याह्यांनी मान डोलावली.

मग काही नाही.

दिगंबररावांनी पुन्हा पहिलीच ओळ म्हटली. लोकांना वाटलं, पद्धत असेल. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा मराठी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. वर धरलेले हात दुखू लागले. विहीणबाईंनी हळूच विचारलं, "अयिपोयिंदा? झालं का?" पुरोहितांनी घड्याळाकडे बोट केलं, मुहूर्त काही कुणासाठी थांबणार नव्हता. दिगंबररावांच्या घशात ज्येष्ठमधाची चव होती आणि डोक्यात रंगीत तक्ता. शब्द एकही नव्हता. लेक अंतरपाटाआड खाली मान घालून उभी होती, आणि ती मान दिगंबररावांना बघवेना.

तेवढ्यात लेकीच्या मागून आवाज आला. बारीक, जरा बसका, पण न अडखळणारा. इंदुमतीबाईंनी दुसरी ओळ म्हटली, तिसरी म्हटली, आणि चौथी:

‘जे हाती धरशील ते तडिस ने, अर्ध्यात सोडू नको’

"शुभमंगल सावधान!"

अक्षतांचा पाऊस पडला. मृण्मयी आईकडे वळून हसत होती आणि रडत होती.

पाहुणे पंगतीकडे पांगले तेव्हा दिगंबरराव बायकोजवळ आले. "तू कधी रचलंस हे? मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? तुम्ही सुरुवात करणार, हे नक्की होतं," इंदुमतीबाई पदर सावरत म्हणाल्या. "म्हणून मी फक्त शेवट धरला."

दिगंबररावांनी मूठ उघडली. अक्षता तशाच होत्या, घामाने ओल्या झालेल्या, आणि तळवा हळदीने पिवळा झाला होता. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी, पण त्यांना खरोखरच काहीतरी पुरं करावंसं वाटलं.

"मी आता म्हणू का गं? सगळं? ‘सावधान’पर्यंत?"

"आता कशाला?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "सगळे जेवायला बसले."