पाचव्या टाकीचा एन

साल २०२२. मला सदुसष्ट पुरी झालेली. भुताखेताचं सांगणाऱ्याला मी जन्मभर हसत आलो, हे आधीच लिहून ठेवतो. शाळा तिसरीपर्यंत. इंग्रजीतली दोनच अक्षरं येतात — वाय म्हणजे हो आणि एन म्हणजे नाही. तेवढ्यावर चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात रंगाच्या आठ टाक्या चालवत होतो.

काळ्या स्क्रीनचा जुना कॉम्प्युटर. दर टाकीला तेच विचारणार — टाकी रिकामी? दार बंद? वाफ सोडू? तीनदा वाय दाबायचं. मला शिकवणारा मल्लप्पा अक्कलकोटकडचा. वाय दाबायच्या आधी तो प्रत्येक टाकीवर पान्यानं दोनदा ठोकायचा आणि कानडीत हाक मारायचा, "वळग यार अदार?" म्हणजे आत कोण हाय. तो वारला, पाना माझ्याकडं आला. ठोकत मीही होतो. हाक मात्र कधी मारली नाही, लाज वाटायची.

मग नव्या इंजिनियर मॅडमनी प्रोग्राम बसवला. प्रश्न आला की वाय आपोआप. काका, आता बोटं झिजवू नका, म्हणाल्या. मला ते लागलं. म्हटलं, कॉम्प्युटर लई शहाणा हाय नव्हं, मग मी कशाला ठोकू? पाना टेबलावर टाकून बसलो.

दुपारी तीनचा सुमार. चार टाक्यांचे वाय सरसर उमटले. पाचवीला 'टाकी रिकामी?' — आणि पुढं एन. थांबलं.

बिघडलं वाटतं... मनातून बरंच वाटलं. खोडून मी स्वतः वाय दाबलं. स्क्रीनवर एन. परत दाबलं, जोरात. परत एन. तेवढ्यात पाचवीतून आवाज आला — टक्, टक्. लोखंडावर लोखंडाचा. पाना तर माझ्यापुढं टेबलावर होता.

धावत गेलो. दार कुणीतरी लोटून ठेवलेलं. आत शांताबाई, टाक्या घासणारी, उग्र वासानं बेशुद्ध पडलेली. हातात नुसतं फडकं. बाहेर काढलं, वाऱ्यावर ठेवलं. शुद्धीवर आल्यावर विचारलं, ठोकलंस का?

"न्हाय ओ तात्या. मला कायबी ठावं न्हाय."

मॅडमनी प्रोग्राम दोनदा वाचला.

"काका, यात एन लिहिलेलंच नाही."

आणि माझं वाय एन कसं झालं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं न्हाय. या बोटानं दोनदा वाफ मागितली होती, एवढं मात्र खरं.

प्रोग्राम मॅडमनी त्याच संध्याकाळी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. पाना उचलला. आठही टाक्यांवर दोन-दोन ठोके दिले आणि प्रत्येकीपाशी मोठ्यानं हाक मारली — वळग यार अदार? पाचवीपाशी जरा जास्त थांबलो. मग येऊन वाय दाबलं.