चादरीवरची सुरकुती

आमच्या गल्लीच्या टोकाला एका सिद्धपुरुषाचा मठ आहे. तिथे रोज महाराजांसाठी गादी घालतात, धुतलेली चादर ताणून अंथरतात आणि सकाळी दार उघडलं की चादरीवर सुरकुती पडली आहे का ते बघतात. आज मी जाता जाता डोकावलो, तर पुजारीकाका म्हणाले, "या, बघा. येऊन गेले महाराज."

मधोमध एक बारीक सुरकुती होती.

हे महाराज म्हणे कापसाहून हलके होत, नदीवरून चालत जात. समाधी घेऊन पिढ्या उलटल्या, तरी त्यांचा भार चादरीवर उमटतो. मला नवल वाटलं नाही, हसूही आलं नाही. हल्ली काही वाटतच नाही.

माझ्या बायकोला कुठलीच सिद्धी नव्हती. दोन जिने चढली तरी तिला धाप लागायची. तिला दवाखान्यात ठेवून मी घरी आलो, त्या सकाळी रोजच्या सवयीने पलंगावरची चादर झटकून नीट केली. तेव्हा ती परत येणार होती.

"काका, या चादरीचं आता काय करता?"

"झटकायची आणि धुवायला टाकायची."

"आजच्या दिवस राहू द्या ना," मी म्हणालो.